जस्टीनची बाजू : अद्भुतकथेतली छळलेली माणसं आणि शोकांतिका

मागच्या व्याख्यानाच्या शेवटी प्रश्न आला होता की, अद्भुतकथा आणि विज्ञानकथा यांतली जी दुःखी, छळलेली पात्रं असतात, त्यांना शोकात्म नायक म्हणता येईल का? की ती नुसतीच केविलवाणी आहेत? प्रश्न चांगला आहे, आणि वाटतो तितका निरुपद्रवी नाही. कारण त्याच्या पोटात दुसरा प्रश्न दडलेला आहे : ज्याच्यावर अन्याय झाला, त्याने पुढे जे केलं त्याचा हिशोब मांडायचा की नाही? हा प्रश्न कोर्टात येतो, घरात येतो, वर्गात येतो. कथेत तो जास्त स्पष्ट दिसतो, एवढंच.

आज मी मुख्यतः एकाच पुस्तकाबद्दल बोलणार आहे. मेरी शेलीचं ‘फ्रँकेन्स्टाइन’. १८१८ च्या जानेवारीत लंडनमध्ये लेखिकेच्या नावाशिवाय प्रसिद्ध झालं. लिहायला सुरुवात केली १८१६ च्या उन्हाळ्यात, जिनिव्हाच्या सरोवराकाठी, तेव्हा तिला एकोणिसावं वर्षही पूर्ण झालेलं नव्हतं. तिला जन्म दिल्यावर दहा-अकरा दिवसांत तिची आई, मेरी वुल्स्टनक्राफ्ट, गेली होती. आणि १८१५ मध्ये तिचं स्वतःचं पहिलं मूल, मुदतीआधी जन्मलेलं, नाव ठेवण्याआधीच गेलं. लेखकाच्या चरित्रातून पुस्तक उलगडायची मला फारशी हौस नाही. पण या कादंबरीतल्या प्राण्याला शेवटपर्यंत नाव नाही, हे वाचताना ते बिननावाचं मूल आठवतंच.

फ्रँकेन्स्टाइन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कोण येतो? सपाट डोक्याचा, जड पावलांचा, मुका राक्षस. तो १९३१ च्या सिनेमातला. बोरिस कार्लोफने केलेला. मुळात फ्रँकेन्स्टाइन हे निर्मात्याचं आडनाव, पण ते सोडा, ती चूक आता भाषेत मुरली आहे. महत्त्वाचा फरक वेगळा आहे. कादंबरीतला प्राणी बोलतो. अतिशय चांगलं बोलतो. एका झोपडीला लागून असलेल्या खोपटात लपून तो भाषा शिकतो, रानात सापडलेली पुस्तकं वाचतो : मिल्टन, प्लुटार्क, गटेचा ‘वेर्थर’. बर्फावर व्हिक्टरला गाठून तो आपली बाजू मांडतो, ती अनेक प्रकरणं चालते. सिनेमाने त्याची वाचा काढून घेतली. तशी ती १८२३ च्या नाटकातही काढलेली होतीच. आणि सिनेमाने आणखी एक गोष्ट केली : त्याच्या कवटीत गुन्हेगाराचा मेंदू बसवला. म्हणजे काय झालं? तो वाईट का झाला, याचं उत्तर बरणीत मिळालं. कादंबरीत ते उत्तर नाही. तिथे तो आधी चांगला आहे. गरीब कुटुंबासाठी रात्री गुपचूप लाकडं तोडून ठेवतो.

आता ॲरिस्टॉटल. (आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस बोलायला उभा राहिला की ॲरिस्टॉटल येणारच, तुम्ही सवय करून घ्या.) तो म्हणतो, शोकांतिकेने करुणा आणि भय जागवायला हवं. करुणा कोणाबद्दल? ज्याच्यावर त्याची लायकी नसताना आपत्ती कोसळते त्याच्याबद्दल. भय कोणाबद्दल? जो आपल्यासारखा आहे त्याच्याबद्दल. आणि नायक उंचावरून खाली येतो, दुष्टपणामुळे नव्हे, तर एखाद्या घोडचुकीमुळे. हे माप या प्राण्याला लावून बघा. बसत नाही. हा कुठून पडणार? तो जन्मतःच तळाशी आहे. डोळे उघडले आणि बाप खोलीतून पळाला. आपल्यासारखा तो दिसतही नाही. तेव्हा करुणा मिळेल, भय मिळणार नाही, आणि तो शोकात्म ठरणार नाही, असा निकाल पाठ्यपुस्तकातून काढता येतो.

माझं म्हणणं असं की, हा निकाल घाईचा आहे. प्राण्याला एक उंची आहे. ती वैभवाची नाही, अपेक्षेची आहे. झोपडीतला म्हातारा आंधळा आहे. त्याला दिसणार नाही, तो फक्त ऐकेल. प्राणी महिनोन् महिने या भेटीची तयारी करतो, घरात दुसरं कोणी नसताना आत जातो, बोलतो, आणि म्हातारा त्याच्याशी माणसासारखं बोलतो! काही मिनिटं. मग मुलगा फीलिक्स येतो आणि काठीने मारतो. प्राण्याच्या अंगात त्याला फाडून टाकण्याची ताकद आहे. तो हात उचलत नाही. पडतो तो इथून.

पुढे तो पाण्यात बुडणाऱ्या एका मुलीला वाचवतो, तर तिच्यासोबतचा माणूस त्याच्यावर बंदूक चालवतो. इथपर्यंत वाचक पूर्णपणे त्याच्या बाजूला असतो. आणि बहुतेक रसिक इथेच थांबतात. समाजाने त्याला राक्षस केलं, झालं, विषय संपला. स्वतः प्राण्याचाही युक्तिवाद थोडाफार हाच आहे, आणि त्याच्यामागे रूसो उभा आहे. माणूस मुळात चांगला, जग त्याला बिघडवतं. योगायोग नाही हा, रूसो जिनिव्हाचा आणि व्हिक्टरही जिनिव्हाचा. शिक्षणावर ‘एमिल’ लिहिणाऱ्या रूसोने स्वतःची मुलं अनाथालयात सोडली, हेही लक्षात ठेवा. मुलांना सोडून देणाऱ्या बापाची गोष्ट त्या गावात घडते.

पण कादंबरी तिथे थांबत नाही, म्हणून ती मोठी आहे. जिनिव्हाजवळ प्राण्याला एक लहान मुलगा दिसतो. त्याच्या मनात येतं, हा अजून लहान आहे, याच्या मनात कुरूपतेची घृणा बसली नसेल, याला आपण सोबती म्हणून वाढवू. मुलगा किंचाळतो, राक्षस म्हणतो, वडिलांचं नाव सांगून धमकावतो. ते नाव फ्रँकेन्स्टाइन. प्राणी त्याचा गळा दाबतो. हा विल्यम, व्हिक्टरचा धाकटा भाऊ. हे कृत्य भयंकर आहे, पण संतापाच्या भरातलं आहे, असं म्हणायला जागा आहे.

त्यानंतर जे होतं त्याकडे मी तुमचं लक्ष वेधतो, कारण त्यावर फार कमी बोललं जातं. मुलाच्या गळ्यात आईचं छोटं चित्र होतं. प्राणी ते काढून घेतो. जवळच्या कोठारात एक तरुणी झोपलेली दिसते. जस्टीन. फ्रँकेन्स्टाइनांच्या घरी राहणारी, त्यांनी आधार दिलेली, मोलकरीण म्हणा किंवा घरचीच म्हणा. तो ते चित्र तिच्या कपड्यात सरकवतो. संतापात नाही. थंड डोक्याने. माणसांचे कायदे कसे चालतात हे तो झोपडीच्या भिंतीआडून ऐकून शिकलेला आहे, आणि ते ज्ञान तो इथे वापरतो. जस्टीनवर खटला चालतो. पुरावा तिच्या खिशात! धर्मगुरू तिला नरकाची भीती घालतो, ती न केलेला गुन्हा कबूल करते, फाशी जाते. खरं काय ते व्हिक्टरला ठाऊक असतं, तो गप्प बसतो.

बघा आता, हे काय झालं. ज्याला सगळ्यांनी वरवरच्या रूपावरून दोषी ठरवलं, त्याने एका निरपराध मुलीची अशी व्यवस्था केली की तिलाही सगळे वरवरच्या पुराव्यावरून दोषी ठरवतील. त्याच्यावर जो अन्याय झाला तोच, हुबेहूब, त्याने पुढे दिला. आणि कोणाला? त्या घरात जी सर्वांत दुबळी होती तिला. तिने त्याला मारलं नव्हतं, हाकललं नव्हतं. ती झोपली होती.

तुम्ही म्हणाल, सर, छळ झालेला माणूस असाच वागतो, मानसशास्त्र हेच सांगतं. असेल. कारण कळणं आणि दोष फिटणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पाऊस का पडला याचं कारण कळलं की पावसाला दोष द्यायचं कारण उरत नाही, कारण पावसाला पर्याय नव्हता. प्राण्याला होता. त्याने फीलिक्सवर हात उचलला नव्हता, म्हणजे हात आवरणं त्याला शक्य होतं. कोठारात ते चित्र खाली टाकून तो निघून जाऊ शकला असता.

आणि गंमत म्हणजे हे त्याला आपल्यापेक्षा जास्त चांगलं समजतं. शेवटी, उत्तरेच्या बर्फात, व्हिक्टरच्या प्रेताशेजारी उभा राहून तो वॉल्टनशी बोलतो. एका दमात दोन गोष्टी सांगतो. सगळ्या मानवजातीने माझ्याशी पाप केलं आणि गुन्हेगार मात्र मी एकटाच का? फीलिक्सचा का नाही? ही एक. आणि दुसरी, मी दुबळ्या, निरपराध जीवांना मारलं आहे, तुम्ही माझा जेवढा तिरस्कार कराल त्याहून जास्त मी स्वतःचा करतो. एक हिशोब दुसऱ्याला खोडत नाही, दोन्ही उभे राहतात. माझ्या मते शोकात्मता इथे आहे. आणि हे त्याला बोलता येतं म्हणून शक्य आहे, मुक्या राक्षसाला ते शक्यच नव्हतं.

आपल्याकडे अश्वत्थामा आहे. भळभळती जखम घेऊन हिंडणारा, दारोदार तेल मागणारा. लोकांनी त्याला शतकानुशतकं तेल घातलं, मनातल्या मनात का होईना. पण झोपलेल्यांना मारलं ते बरोबरच केलं, असं तेल घालणाऱ्याने कधी म्हटलं नाही. हे आपल्या लोकमानसाने ज्या सहजपणे साधलं, ते आजच्या बऱ्याच पटकथाकारांना जमत नाही.

उदाहरण घ्या डार्थ व्हेडरचं. १९७७ मध्ये तो आला तेव्हा नुसता काळा मुखवटा होता. मग १९९९, २००२ आणि २००५ अशा तीन सिनेमांत त्याची पूर्वकथा सांगितली : गुलामीतलं बालपण, आईचा मृत्यू, बायको मरेल ही भीती. काही लोक म्हणतात, पूर्वकथा मागाहून चिकटवली म्हणून ती लटकी. मला हे पटत नाही, आणि त्याचं कारण पुढे सांगतो. माझा आक्षेप दुसरा आहे. हा माणूस मंदिरातल्या लहान मुलांना मारतो. सिनेमा त्या मुलांना किती वेळ देतो? काही क्षण. त्याच्या जळालेल्या देहाला मात्र भरपूर. मुलांच्या मृत्यूला तिथे स्वतःचं वजन नाही, ती त्याच्या अधःपाताच्या वाटेवरची एक खूण आहे. मेरी शेलीने जस्टीनला नाव दिलं, खटला दिला, तुरुंगातली शेवटची भेट दिली. हा फरक आहे.

आता गॉलम. टोल्कीनचा ‘हॉबिट’ १९३७ चा. त्या पहिल्या आवृत्तीतला गॉलम वेगळाच आहे. कोड्यांचा खेळ हरल्यावर तो अंगठी बक्षीस म्हणून द्यायला तयार असतो, ती सापडत नाही तेव्हा बिल्बोला मुकाट्याने बाहेरची वाट दाखवतो. पुढे ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिताना अंगठीचं स्वरूप बदललं, म्हणून १९५१ च्या आवृत्तीत ते प्रकरण नव्याने लिहिलं गेलं. गॉलमची तडफड, आणि त्याला मारायला निघालेल्या बिल्बोला आलेली दया, हे सगळं मागाहून आलं. म्हणून म्हणतो, मागाहून आलं की खोटं, हे माप चालणार नाही. गॉलमच्या कथेतही त्याच्या बळीला नाव आहे : डीगॉल. अंगठी त्याला सापडली, आणि त्या अंगठीसाठी स्मीगॉलने मित्राचा गळा दाबला. पुढे तो ती आपल्या वाढदिवसाची भेट असल्याचं सांगत राहतो, स्वतःलाही. माणूस स्वतःशी जे खोटं बोलतो त्यावरून त्याला काय ठाऊक आहे ते कळतं.

किरिथ उंगोलच्या पायऱ्यांवर फ्रोडो आणि सॅम झोपलेले असतात. दगाबाजीचा बेत करून परतलेला गॉलम त्यांच्याकडे बघतो. त्याचा चेहरा बदलतो, एक थकलेला म्हातारा दिसायला लागतो, तो हळूच फ्रोडोच्या गुडघ्याला हात लावतो. सॅम जागा होतो, आणि चिडून बोलतो. क्षण गेला. टोल्कीनने एका पत्रात हा सगळ्या कथेतला सर्वांत शोकात्म प्रसंग म्हटला आहे. इथे ॲरिस्टॉटलची ती चूक आहे, पण गॉलमची नाही, सॅमची आहे! आणि सॅम चांगला माणूस आहे. दमलेला, मालकाची काळजी असलेला, संशय घ्यायला पुरेसं कारण असलेला. एकाची चूक आणि दुसऱ्याचा विनाश, असं हे आहे. तरीही गॉलमला सोडवणारं उत्तर टोल्कीन देत नाही. सॅमच्या शब्दांनंतर पुढच्या बोगद्यात त्यांना कोळिणीच्या तोंडी कोण नेतं? गॉलमच.

वेळ संपत आली, पण लेमच्या ‘सोलारिस’चा उल्लेख केल्याशिवाय सोडवत नाही. १९६१ ची पोलिश कादंबरी. एक विचार करणारा समुद्र, आणि त्याच्यावरच्या स्थानकात माणसांच्या आठवणींतून तयार होऊन येणारे ‘पाहुणे’. केल्विनकडे हॅरी येते, जिने आत्महत्या केली होती आणि जिच्या मृत्यूला तो स्वतःला जबाबदार धरतो. पहिल्या हॅरीला तो अग्निबाणात बसवून पाठवून देतो. दुसरी येते, तिला यातलं काही आठवत नाही. हळूहळू तिला कळतं की आपण ती नाही. ती द्रवरूप ऑक्सिजन पिते, तरी मरत नाही, शरीर पुन्हा बरं होतं. मेरी शेलीचा प्राणी निदान स्वतःचा तरी होता. हॅरी दुसऱ्याच्या अपराधाची भावना आहे, आणि तरीही निर्णय तिचा स्वतःचा आहे, शेवटी ती निघून जाते तोही. कथा केल्विनच्या तोंडून येते. ती हॅरीने सांगितली असती तर? लेमने ते केलं नाही. मला वाटतं, करायला हवं होतं. तुमच्यापैकी अनेकांना हे पटणार नाही याची कल्पना आहे, कारण ती कळत नाही यातच त्या पुस्तकाची ताकद आहे असं मानणारे वाचक पुष्कळ आहेत. त्यावर प्रश्नोत्तरांत बोलू. मागे उजवीकडे हात वर दिसतोय, माइक तिकडे द्या.