सेंट लुबिनची वकिलात व खोट्या बातम्यांचें प्रामाण्य

इ. स. १७७७ च्या मार्च महिन्यांत एक फ्रेंच जहाज चेऊलच्या बंदरास लागलें. त्यांतून उतरलेला सेंट लुबिन नांवाचा गृहस्थ, आपण फ्रान्सच्या बादशहाचे वकील आहों असें सांगून, मे महिन्याच्या सुमारास पुण्यास दाखल झाला. गोष्ट एवढीच. त्यानें तह तडीस नेला नाहीं, एकहि पलटण आणिली नाहीं, आणि वर्षसव्वावर्षानें तो आला तसा निघून गेला. तथापि या लहानशा गोष्टीची बातमी ज्या ज्या दप्तरांतून गेली, त्या त्या दप्तरांत ती वाढली. आणि १७७८ च्या मे महिन्यांत बंगालची एक इंग्रजी फौज काल्पीपाशीं यमुना ओलांडून दक्षिणेच्या वाटेस लागली. मराठे व इंग्रज यांच्या पहिल्या युद्धाच्या इतिहासांत या प्रकरणाचा जो विचार आजवर झाला आहे, तो आम्हांस अपुरा वाटतो. कोणा एका ग्रंथकाराचे दोष काढण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु ज्या चुकीच्या पद्धतीनें हा विचार होत आला, तिच्यामुळें कागद जमविणाऱ्यांचें आजहि नुकसान होत आहे, म्हणून लिहिणें प्राप्त झालें.

प्रथम हा मनुष्य कोण, तें पाहूं. हैदर व मद्रासकर इंग्रज यांच्या पहिल्या युद्धाच्या वेळीं तो दक्षिणेंत वावरलेला होता. दोन्ही बाजूंच्या छावण्या त्यानें पाहिल्या होत्या. सोळाव्या लुईचा आरमारमंत्री सार्तीन यानें त्यास पाठविलें हें खरें. पण पाहणी करून यावें व संधि असल्यास कळवावें, याहून फारसा मोठा अधिकार त्याजपाशीं नव्हता. पाँडिचेरीचे फ्रेंच अधिकारीहि त्याजविषयीं साशंक होते. प्रा. हातळकर यांनीं १९५८ सालीं फ्रेंच व मराठे यांच्या संबंधांवरील आपला ग्रंथ फ्रेंच दप्तरांच्या आधारें प्रसिद्ध केल्यापासून, ही बाजू मराठी अभ्यासकांस अज्ञात राहिली आहे असें म्हणतां येत नाहीं.

आतां तीच व्यक्ति मुंबईच्या दप्तरांत कशी दिसते तें पहावें. पुण्यास इंग्रजांचा वकील मॉस्टिन हा होता. तोहि त्याच मार्च महिन्यांत पुरंदरच्या तहाच्या अंमलबजावणीकरितां पुन्हां पुण्यास आलेला. एका गांवांत दोन परके वकील, आणि एकाचा सन्मान अधिक झाला तर दुसऱ्याच्या पोटांत दुखणारच. मुंबईस गेलेल्या बातम्यांत फ्रेंचांकडून अडीच हजार गोरे शिपाई येणार, दहा हजार गारदी कवायत शिकून तयार होणार, दारूगोळा लागेल तितका मिळणार, चेऊल बंदर फ्रेंचांस मिळालें, असे पाठोपाठ मजकूर आहेत. यांतलें आलें काय? वडगांवच्या लढाईंत मराठ्यांच्या बाजूस फ्रेंच फौज कोठें दिसते काय? इतकें वाटोळे आंकडे ज्या बातमींत असतात, तिचा उगम बहुधा बोलणाराच्या तोंडांत असतो, पाहणाराच्या डोळ्यांत नसतो. हा आमचा ठोकताळा आहे. नियम म्हणून आम्ही तो सांगत नाहीं.

ग्रँट डफनें आपला ग्रंथ १८२६ सालीं प्रसिद्ध केला, तेव्हां मुंबईच्या दप्तरावर त्याची भिस्त असणें स्वाभाविक होतें. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनीं त्याच्या ग्रंथावर टीका केली, आणि त्यानंतर राजवाडे, खरे व पारसनीस यांनीं मराठी कागद बाहेर काढून त्याची एकांगी बाजू पुष्कळ सावरली. परंतु येथेंच आमचा आक्षेप सुरू होतो. मुंबईकडचा इतिहासकार म्हणतो कीं, नाना फ्रेंचांच्या नादीं लागला, म्हणून युद्ध झालें. आमच्याकडचा म्हणतो कीं, नानांनीं या तोतया वकिलास मुद्दाम मिरवून इंग्रजांस भुलविलें. सर्व नानांच्या पोटांत होतें. दोघेहि शेवट ठाऊक असलेल्या माणसाच्या जागीं बसून बोलतात. लुबिन फोल ठरणार हें १७७७ च्या मे महिन्यांत नानांस ठाऊक होतें, असें दाखविणारा कागद पुढें केल्यावांचून ही चतुराई त्यांच्या पदरीं घालतां येत नाहीं. उलट तर्क करण्यास जागा आहे. १७७६ च्या डिसेंबरांत, म्हणजे लुबिन उतरण्याच्या तीनच महिने आधीं, सदाशिवरावभाऊंचे नांव घेणाऱ्या तोतयास पुण्यांत देहान्त शासन झालें होतें. त्यानें कोंकणांतील किल्ले भराभर घेतले होते, व अखेर मुंबईकडे निसटतांना तो आंग्र्यांच्या हातीं सांपडला. पानिपताच्या रणावर भाऊ पडले कीं नाहीं याची खात्रीची बातमी वेळेवर न मिळाल्याचें हें फळ, पंधरा वर्षांनीं आलेलें. अशा दरबारास नांव सांगून येणाऱ्याचा संशय येणें साहजिकच; पण फ्रेंच आरमार खरेंच आलें तर त्यास विन्मुख लावल्याचा पश्चात्ताप होईल, ही भीतिहि तितकीच साहजिक. सन्मान करावा, ठरावास हात लावूं नये, हें वर्तन निश्चित बातमी नसलेल्या मुत्सद्द्याचें आहे. सर्व जाणणाऱ्यास इतकें थांबण्याची गरज नसते.

कालक्रम नीट लाविला म्हणजे आणखी एक गोष्ट नजरेस येते. हेस्टिंग्जनें फौज पाठविण्याचा निश्चय केला तो १७७८ च्या मार्चांत. त्याच सुमारास पुण्यांत मोरोबा फडणिसांनीं कारभार हातांत घेतला, नाना बाजूस पडले, आणि मोरोबांचा पक्ष तर दादासाहेबांस आणण्याच्या खटपटींत होता. म्हणजे ज्या नानांच्या फ्रेंच स्नेहाचें निमित्त, ते नाना निमित्त कागदावर चढलें त्या वेळीं सत्तेवर उरलेच नव्हते. त्यांनीं पुन्हां घडी बसविली ती जुलैंत. शिळ्या बातमीवर ताजा हुकूम निघाला. मुंबईकरांस दादासाहेबांचा पक्ष आधींपासूनच प्रिय होता व कंपनीच्या डायरेक्टरांस पुरंदरचा तह रुचला नव्हता, हें आम्ही विसरत नाहीं. लुबिन आला नसता तरी दुसरें निमित्त सांपडलें असतें. पण निमित्त कां चाललें, कलकत्त्याच्या कौन्सिलांत तें कसें खपलें, हा प्रश्न त्यानें सुटत नाहीं.

याच उन्हाळ्यांत विलायतेकडील बातम्या कलकत्त्यास आल्या त्यांची चाल तर मोठी विचारणीय आहे. अमेरिकेंत सॅराटोगा येथें इंग्रजांचें सैन्य १७ ऑक्टोबर १७७७ रोजीं शरण गेलें. ती खबर हेस्टिंग्जला १७७८ च्या जूनांत लागली. पश्चिमेस मार बसला असेल तर पूर्वेस तो भरून काढणें आपलें कर्तव्य, असा निष्कर्ष त्यानें काढला व फौज परत बोलाविली नाहीं. ‘असेल तर’ हे शब्द लक्षांत ठेवण्यासारखे आहेत. बातमी पुरती खरी मानण्यापूर्वींच तो तिच्यावर मसलत उभारतो. पुढें जुलैच्या ७ तारखेच्या सुमारास कैरोमार्गें बातमी आली कीं, फ्रान्स व इंग्लंड यांत युद्ध पुकारलें गेलें. तीन दिवसांत चंद्रनगर इंग्रजांच्या हातीं पडलें, आणि ऑक्टोबरांत पाँडिचेरीहि पडली.

आतां गणित करावें. फ्रान्सनें अमेरिकनांशीं तह केला तो ६ फेब्रुवारीस, व लंडनास तें कळविलें १३ मार्चास. त्यावर वकील परत बोलाविले गेले. परंतु पहिला तोफांचा भडिमार इंग्लिश खाडींत झाला तो १७ जूनास. सतरा जूनची गोष्ट सात जुलैस कलकत्त्यास कळणें त्या काळच्या कोणत्याहि जहाजास वा सांडणीस अशक्य होतें. म्हणजे कैरोहून जी बातमी निघाली, ती निघाली तेव्हां खरी नव्हती. वकील परतले यावरून कोणी तरी युद्ध गृहीत धरिलें होतें. वाटेंत असतांना ती खरी झाली. अशा बातमीस खोटी म्हणावें कीं खरी? आमच्या मतें हा प्रश्नच चुकीचा आहे. कोणत्या दिवशीं, कोणास, कोणत्या शब्दांत ती कळली, एवढाच प्रश्न इतिहासाचा. आणि त्याचें उत्तर देणारा कागद, मजकूर कितीहि असत्य असो, प्रथम प्रतीचें साधन होय.

वडगांवच्या प्रसंगाचें एक प्रकरण येथें सांगणें इष्ट आहे. कार्नाक व एजर्टन यांची फौज बोरघाट चढून १७७९ च्या जानेवारींत तळेगांवास आली, तेव्हां गांव जाळलेला व दाणावैरण नाहींशी केलेली. पुणेंहि जाळून टाकण्याची सिद्धता आहे, असें वर्तमान इंग्रजांच्या तळावर पोंचलें, आणि दादासाहेबांस मिळावयास येणार म्हणून सांगितलेले सरदार तर कोणी फिरकले नाहींत. परत फिरण्याचा विचार ठरला तो या दोन बातम्यांच्या दरम्यान: एक पडताळा न पाहतां मानलेली, एक पडताळ्यास न उतरलेली. १६ जानेवारीस वडगांवास करार झाला. करारांत बंगालची फौज परत फिरविण्याचें कलम होतें, म्हणून तसें पत्र फौजेचा नवा सरदार गॉडर्ड यास लिहिण्यांत आलें. मागाहून कार्नाक व त्याचे सहकारी पस्तावले, व आधींचें पत्र मानूं नये म्हणून दुसरें लिहिलें. दुसरें पत्र बऱ्हाणपुराकडे गॉडर्डास आधीं मिळालें. पहिल्याचा पत्ता नाहीं. जें पत्र आलेंच नाहीं तें मानूं नये, असा हुकूम वाचून त्या सेनापतीनें काय समजावें? कांहीं तरी मोठें विपरीत घडलें आहे, इतकें त्यानें ताडलें, व पुण्याची वाट सोडून झपाट्यानें सुरतेकडे वळून फेब्रुवारीअखेर ती गांठली. या एका कूचामुळें पुढील तीन वर्षांच्या युद्धाचें स्वरूप पालटलें. हीं दोन्ही पत्रें केवळ लिहिल्याच्या तारखेनें लावून छापलीं, तर गॉडर्डाचें वर्तन वाचकास कधींच उमजणार नाहीं.

आणि आमच्याकडे पत्रें अशींच छापलीं जातात. खरेशास्त्र्यांच्या ऐतिहासिक लेखसंग्रहाएवढें उपकारक काम दुसरें क्वचितच असेल. पटवर्धनांच्या दप्तरांतील पुण्याच्या बातमीपत्रांवांचून हा काळ आपणांस अंधारांत राहिला असता. तरीहि पत्रें लिहिल्याच्या मितीच्या क्रमानें लाविलेलीं असल्यामुळें, मिरजेस कोणती बातमी कोणत्या बातमीच्या आधीं समजली, हें वाचतां वाचतां हातचें निसटतें. त्याला उपाय मूळ कागदावरच असतो. आपल्या पत्रांवर ‘पै॥’ म्हणून पैवस्तगीची नोंद व ‘छ’ घालून चंद्राची तारीख दिलेली पुष्कळदां आढळते. पत्र कोणत्या दिवशीं पोंचलें याची ती साक्ष. आमच्याच हातून, उमेदवारीच्या दिवसांत, कांहीं पत्रांच्या नकला उतरतांना ही नोंद क्षुल्लक समजून गाळली गेली. पुढें मूळ पत्रें मालकांनीं विकलीं, कोठें गेलीं तें कळत नाहीं, आणि त्या नकला आज निम्म्या किंमतीच्या झाल्या आहेत.

दुसरी हानि याहून मोठी. आपले बातमीदार शब्द तोलून वापरीत. वर्तमान, आवई, वदंता, बोलवा हे शब्द त्यांच्या लेखीं एकार्थी नव्हते; ‘ऐकिलें’ आणि ‘पाहिलें’ यांतील भेद ते राखीत, आणि खात्री नसल्यास मनास आणून मागाहून लिहूं म्हणून मोकळे होत. हरकाऱ्यानें ‘आवई’ म्हटलेलें दुभाष्याच्या तोंडीं ‘बातमी’ होते, वकिलाच्या पत्रांत ती ‘माहिती’ बनते, कौन्सिलाच्या ठरावांत ‘वस्तुस्थिति’. लुबिनची अडीच हजारांची पलटण अशाच पायऱ्या चढून कलकत्त्यास पोंचली असावी, असा आमचा तर्क आहे. फॉरेस्टनें १८८५ सालीं मुंबईच्या दप्तरांतील वेंचे छापिले त्यांत शेवटच्या पायऱ्या सांपडतात. पहिली पायरी मोडींत आहे, व ती आपल्यांतीलच कोणाच्या माडीवर रुमालांत बांधलेली असेल.

पण ही पहिली पायरीच आपण फेंकून देतों! आम्हीं एकाहून अधिक संग्रह असे पाहिले आहेत, कीं जेथें बातमी पुढें खोटी ठरली म्हणून तें पत्र ‘निरुपयोगी’ या पुडक्यांत गेलें. एका गृहस्थांनीं तर अशा कागदांचे कोरे बंद फाडून हिशेबास वापरले होते. त्यांस दोष देववत नाहीं, कारण छापील ग्रंथांतूनहि त्यांस तेंच शिकविलें गेलें. खऱ्या बातमीचें पत्र नष्ट झालें तरी ती बातमी दुसऱ्या दहा जागीं मिळते. खोटी बातमी एकाच कागदांत जिवंत असते, आणि तो गेला म्हणजे नानांनीं त्या दिवशीं काय मानलें तें आपणांस कायमचें नाहींसें होतें.

शके १६९९ च्या वैशाखापासून शके १७०० च्या माघापर्यंतचीं बातमीपत्रें ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांस आमची विनंति आहे. ज्यांत फिरंगी जहाजें, चेऊल, वकिलाची भेट, अथवा विलायतेंतील लढाई यांचा उल्लेख असेल, तीं पत्रें मजकूर असंभाव्य दिसला तरी निराळीं ठेवावीं. पाठकोऱ्या बाजूसुद्धां त्यांची नक्कल उतरावी. पैवस्तगीची नोंद असल्यास ती जशीच्या तशी, व नसल्यास ‘नोंद नाहीं’ असें स्पष्ट लिहून मंडळाकडे पाठवावी. बातमी खरी कीं खोटी याचा निर्णय पत्राच्या मथळ्यावर लिहूं नये. घाट उतरलेल्या कासिदांचे नांव वा मजुरीचा आंकडा कोठें खर्चाच्या यादींत सांपडला, तर त्याचीहि नक्कल हवी आहे. पुणें-मुंबईचा टपा किती दिवसांत कापला जात होता, हें त्यावरून ठरेल, आणि मॉस्टिनच्या पत्रांच्या तारखा प्रथमच आपल्या तारखांशेजारीं ठेवून पाहतां येतील.