‘आत्म्यांचे पिंजरे’ या आयरिश कथेचें प्रामाण्य

जुनी सनद हातीं आली म्हणजे संशोधक कागद, अक्षरवटिका, मिति व शिक्का हीं तपासून मगच तिच्यावर विश्वास ठेवितो. तोंडोतोंडीं चालत आलेल्या कथेस असलें बाह्य लक्षण नसतें. यामुळें ती एकदां छापली गेली कीं तिची परीक्षा बहुधा होतच नाहीं. ही उपेक्षा किती घातक ठरते, हें दाखविण्यास आयर्लंडांतील एका प्रसिद्ध कथेचें उदाहरण पुरेसें आहे.

टॉमस क्रॉफ्टन क्रोकर यानें दक्षिण आयर्लंडांतील परीकथांचा व दंतकथांचा पहिला भाग १८२५ सालीं आपलें नांव न घालतां प्रसिद्ध केला. ग्रंथाचा लौकिक असा झाला कीं, पुढच्याच वर्षीं ग्रिम बंधूंनीं त्याचें जर्मन भाषांतर केलें. १८२८ सालच्या दुसऱ्या भागांत ‘आत्म्यांचे पिंजरे’ ही कथा आहे. क्लेअर परगण्याच्या किनाऱ्यावरील जॅक डॉहर्टी नांवाच्या कोळ्याची कूमारा या मेरोशीं, म्हणजे जलपुरुषाशीं, मैत्री जडते. समुद्रतळीं कूमाराच्या घरांत शेवंड धरण्याच्या पिंजऱ्यांसारखे पिंजरे मांडलेले असून त्यांत बुडालेल्या खलाशांचे आत्मे कोंडलेले असतात. जॅक त्यास गांवठी दारू पाजून निजवितो व आत्मे मोकळे करितो. कथा रसाळ आहे यांत संशय नाहीं; परंतु प्रश्न रसाचा नसून मूळाचा आहे.

तें मूळ आयर्लंडांत नाहीं. क्रोकरचा सहकारी टॉमस काइटली यानें परीविषयक आपल्या ग्रंथाच्या १८५० सालच्या आवृत्तींत कबूल केलें कीं, ही कथा आपणच रचली असून तिला आधार काय तो एका जर्मन गोष्टीचा. ती गोष्ट ग्रिम बंधूंच्या १८१६ सालच्या दंतकथासंग्रहांत आहे. तींत जलपुरुष आत्मे उपड्या मडक्यांखालीं ठेवितो व शेजारचा शेतकरी तीं मडकीं उलथून ते सोडवितो. मडक्यांचे पिंजरे करणें व शेतकऱ्याचा आयरिश कोळी करणें, हें काइटलीचें कर्तृत्व. ज्या ग्रिमांनीं आयरिश ग्रंथ आपल्या भाषेंत नेला, त्यांचीच गोष्ट दोन वर्षांनीं आयरिश वेष घेऊन बाहेर पडली!

एवढेंच असतें तर एक प्रक्षेप उघडकीस आला, असें म्हणून आम्ही थांबलों असतों. परंतु काइटली पुढें सांगतो कीं, कॉर्क व विक्लो यांच्या किनाऱ्यांवरील लोकांस ही कथा ठाऊक असल्याचें आपणांस मागाहून कळलें. एकानें तर आत्मे ठेविले होते ते फुलझाडांच्या कुंड्यांत, असा पाठ सांगितला. हा पाठभेद विचारणीय आहे. कथा छापील पुस्तकावरून लोकांत उतरली असती तर पिंजरेच यावयास हवे होते. कुंडी ही जर्मन मडक्यास जवळची. यावरून एकच जुनी कथा दोन्ही देशांत स्वतंत्रपणें नांदत होती, असें अनुमान करण्याचा मोह होतो. आमच्या मतें तें टिकत नाहीं. सांगणारा कोण, गांव कोणतें, त्यानें कथा कोणापासून ऐकिली, यांपैकीं कांहींच काइटली देत नाहीं. आणि ज्यानें स्वतःची रचना एकदां लोककथा म्हणून खपूं दिली, त्याच्या एकट्याच्या शब्दावर दुसरी साक्ष उभी राहत नाहीं. तेव्हां ‘असिद्ध’ एवढाच निर्णय देतां येतो.

खेद याचा वाटतो कीं, कबुलीनंतर ३८ वर्षांनीं, १८८८ सालीं, कवि येट्स यानें आयरिश लोककथांच्या आपल्या संग्रहांत ही कथा क्रोकरच्या नांवावर पुनः छापिली. छापील प्रतीवरून छापील प्रत, हाच प्रकार.

या रोगावरील औषध पुढें आयर्लंडनेंच काढिलें. १९३५ सालीं स्थापन झालेल्या आयरिश लोकसाहित्य मंडळानें १९३७ ते १९३९ या काळांत सुमारें ५,००० प्राथमिक शाळांतील मुलांकडून वृद्धांच्या कथा, चालीरीती व घरगुती औषधें लिहवून घेतलीं. हा संग्रह सुमारें ७,४०,००० पृष्ठांचा आहे. त्यांत उणिवा आहेत. डब्लिन, कॉर्क, लिमरिक व वॉटरफोर्ड या शहरांतील शाळा वगळल्या गेल्या. शिवाय मुलांच्या वह्या तपासण्यांत आमचें आयुष्य गेलें असल्यामुळें आम्हांस ठाऊक आहे कीं, सुबक वही ही पुष्कळदां पुस्तकावरून उतरलेली असते. तरीही नोंदींपाशीं बहुधा सांगणाऱ्याचें नांव व गांव आढळतें, कित्येकदां वयही; त्यामुळें संशय आला तर तपास करण्यास वाट राहते. काइटलीच्या कुंडीस ती वाट नाहीं.

ज्यांच्या कपाटांत बाडें व सुटे कागद आहेत, त्यांनीं यावरून एवढें घ्यावें: बाड कोणत्या गांवीं, कोणाच्या घरीं, कोणाच्या हातून मिळालें, हें त्याच दिवशीं लिहून ठेवावें. ही ओळ एकदां हरवली कीं पुढील पंडितास खरें व बनावट यांचा निवाडा तर्कानें करावा लागतो, आणि तर्क कुंडीपाशीं येऊन अडतो.