दूरत्वाचा रस

‘एलिट डेंजरस’ या अंतराळ-खेळाचा विचार वाङ्मयीन नियतकालिकाच्या पृष्ठांवर व्हावा, हे काही वाचकांना खटकण्याचा संभव आहे. खेळ हा विरंगुळा, वाङ्मय हा जीवनाचा आविष्कार. तेव्हा समीक्षकाने तिकडे वळण्याचे प्रयोजन काय, असे ते विचारतील. प्रश्न रास्त आहे. परंतु आपल्या रसचर्चेचे मूळ ज्या नाट्यशास्त्रात आहे, त्याच्या पहिल्याच अध्यायात देव ब्रह्मदेवाकडे मागतात ते एक खेळणेच होय. ते डोळ्यांना दिसावे आणि कानांना ऐकूही यावे, एवढीच त्यांची अट. तेव्हा खेळ म्हटल्याने एखादी कृती रसविचाराच्या कक्षेबाहेर जाते, असे निदान भरताच्या वारसांनी तरी म्हणू नये. तिच्यात आस्वाद्य असे काही आहे काय, आणि असल्यास ते कशामुळे आहे, एवढेच पाहावयाचे.

प्रथम या कृतीचे कुळ सांगणे अवश्य आहे. 1984 साली केंब्रिजमधील डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या दोन विद्यार्थ्यांनी बीबीसी मायक्रो नावाच्या घरगुती संगणकासाठी ‘एलिट’ हा खेळ रचला. त्या यंत्राची स्मृती अवघी 32 किलोबाइटची. एवढ्या अडचणीच्या जागेत त्यांनी आठ आकाशगंगा आणि प्रत्येकीत 256 ग्रहमाला बसविल्या. हे सारे साठवून ठेवणे शक्यच नव्हते; म्हणून एका संख्येतून दुसरी संख्या निपजविणारे सूत्र त्यांनी योजले आणि जेव्हा जी ग्रहमाला हवी, तेव्हा ती त्या सूत्रातून पुन्हा घडावी अशी व्यवस्था केली. याच वंशातील ‘एलिट डेंजरस’ 16 डिसेंबर 2014 रोजी प्रसिद्ध झाला. येथे संकल्प अधिक धाडसी आहे. आपली स्वतःची आकाशगंगा तिच्या खऱ्या आकारमानात उभी केलेली असून तीत सुमारे 400 अब्ज ग्रहमाला आहेत. त्यांपैकी दीड लाखाच्या आसपास तारे खगोलशास्त्रज्ञांच्या सूचींतून घेतलेले आहेत. बाकीचे सारे सूत्राची संतती. या विश्वात व्यापार आहे, चाचेगिरी आहे, युद्धे आहेत. त्यांच्याशी आपल्याला येथे कर्तव्य नाही. माणसांची वस्ती मागे टाकून हजारो प्रकाशवर्षे एकटेच निघून जाणारे जे खेळाडू आहेत, त्यांना कोणता आनंद मिळतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

कलेत अंतर हे बहुधा गाळले जाते. कादंबरीकार ‘तीन महिन्यांनी तो काशीस पोचला’ असे एका वाक्यात लिहितो. चित्रपटात आगगाडीच्या चाकांचे एक दृश्य दाखविले की मुंबई सुटते आणि दिल्ली येते. हे योग्यही आहे, कारण त्या कलांना प्रवासाच्या टोकाला काय घडते ते सांगावयाचे असते. ‘एलिट डेंजरस’ने मात्र ही काटछाट जवळजवळ नाकारली आहे. एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे उडी घेण्याची सोय त्यात आहे हे खरे. तथापि एका ग्रहमालेच्या आतील अंतर कापावेच लागते. अल्फा सेंटॉरीच्या मालेत ‘हटन ऑर्बिटल’ नावाचे एक स्थानक आहे. यान जेथे प्रकट होते तेथून ते 0.22 प्रकाशवर्षे दूर. 2024 साली नव्या प्रकारची वेगवान इंजिने येईपर्यंत तेथे पोचण्यास घड्याळातला सुमारे दीड तास लागत असे. आणि त्या दीड तासात समोर एक ठिपका आणि एक घटत जाणारा आकडा, यांखेरीज काहीही नसे. तेथे जाऊन मिळावयाचे काय, तर त्या स्थानकाच्या नावाचा एक पेला. तरीही असंख्य खेळाडू तेथे आवर्जून गेले, आणि तो पेला थट्टेने का होईना, पण अभिमानाने परत घेऊन आले. ही थट्टा मला अर्थपूर्ण वाटते. पेल्याला मोल नव्हते. मोल त्या अंतराला होते, आणि ते सर्वांना ठाऊक होते.

दूरयात्रेत हेच तत्त्व विराट होते. सूर्यापासून सुमारे 65,000 प्रकाशवर्षांवर, आकाशगंगेच्या पलीकडच्या काठाशी, ‘बीगल पॉइंट’ नावाचे एक ठिकाण आहे. एका उडीत 50 प्रकाशवर्षे कापणारे यान असेल, तर तेथे पोचण्यास किमान 1,300 उड्या लागतात. उडीमागे एकच मिनिट धरले तरी न थांबता बावीस तास होतात. आणि अन्वेषक थांबत नाही असे कधी होत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात आठवडे लागतात. दर काही उड्यांनंतर इंधन ताऱ्याच्याच प्रभेतून भरून घ्यावे लागते. तेही सर्व ताऱ्यांपासून मिळत नाही. ओ, बी, ए, एफ, जी, के आणि एम या सात वर्गांचे तारे ते देतात, तपकिरी बटू तारे देत नाहीत. जो पुढील मुक्कामाचा वर्ग न वाचता उडी घेतो, त्याचे यान अंधारात निश्चल होण्याचा प्रसंग येतो. अशांच्या मदतीस धावून जाणारी ‘फ्युएल रॅट्स’ नावाची खेळाडूंचीच एक सेवाभावी मंडळी 2015 पासून आहे. बीगल पॉइंटला पोचल्यावर दिसते ते असे : आकाशाच्या एका बाजूस अवघी आकाशगंगा साकळून आलेली, आणि दुसऱ्या बाजूस जवळजवळ निखळ काळोख. आपला सूर्य त्या उजेडाच्या पट्ट्यापलीकडे कोठेतरी आहे. पण तो दिसत नाही. हे दृश्य एखाद्या चित्रात पाहिले तर ते सुंदर वाटेल, इतकेच. तेराशे उड्या मारून आलेल्याला मात्र त्यात आपण टाकलेले प्रत्येक पाऊल दिसते. येथे अंतर हा रसाच्या वाटेतील अडसर राहिलेला नसून रसाचे उपादानच झाला आहे.

यावर एक गंभीर आक्षेप आहे, आणि तो टाळून चालणार नाही. 1,300 उड्यांपैकी बाराशे एकसारख्या असतात. तोच निनाद, तोच तांबडा लहान तारा, तेच बर्फाचे गोळे. विस्मय हा अद्भुताचा स्थायीभाव. पुनरावृत्तीने विस्मय मरतो. मग येथे अद्भुत टिकेल कसा? मला वाटते, या आक्षेपात अर्धे सत्य आहे. प्रत्येक क्षणी विस्मय अपेक्षिणाऱ्याने या वाटेस जाऊच नये. परंतु त्या एकसुरी उड्यांतून हळूहळू एक वेगळी मनःस्थिती सिद्ध होते. हात सवयीने काम करतात, मन निवते, आणि काही मिळावे ही उत्कंठा ओसरते. ही भूमी शांताची आहे. तिच्यावर अद्भुत येतो तो अवचित येतो. न्यूट्रॉन ताऱ्याच्या दोन्ही ध्रुवांतून निघालेले फिरते झोत, किंवा एकमेकांना जवळजवळ खेटून फिरणारे दोन ग्रह, शंभर निर्विकार मुक्कामांनंतर समोर आले की जो धक्का बसतो, तो दृश्यांच्या संग्रहात बसत नाही. तानपुऱ्याचा षड्ज कोणी कंटाळवाणा म्हणत नाही. त्याच्यावाचून स्वराची उंची कळणार कशी?

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. हे ग्रह कोणीच रचलेले नाहीत. सूत्राने निपजले आहेत. मग यात कलावंत कोण, आणि कलावंतावाचून कला कसली? या यंत्रणेची रीत अशी की, त्या त्या प्रदेशातील द्रव्याचे प्रमाण आणि वय यांवरून तारे ठरतात, ताऱ्यांवरून ग्रह ठरतात, आणि ग्रहांवरून त्यांचे उपग्रह. रागाचे आरोह-अवरोह ठरवून दिलेले असावेत, आणि गायन मात्र गायकावाचून चालावे, तशी ही अवस्था आहे. तथापि यातूनच एक असाधारण गोष्ट संभवते. कवितेचा पहिला वाचक कवी असतो. चित्राचा पहिला प्रेक्षक चित्रकार असतो. येथे मात्र कृतीच्या बहुसंख्य भागांचा पहिला साक्षी तिचा कर्ता नाही. लाखो ग्रहांवरील सूर्योदय असे आहेत की ते सूत्र लिहिणाऱ्यांनीही पाहिलेले नाहीत, आणि अन्वेषक तेथे न गेल्यास कोणीही पाहणार नाही. ही जबाबदारीची जाणीव अन्य कोणत्याही कलाकृतीने मला दिलेली नाही. रसिक येथे निव्वळ ग्राहक राहत नाही. त्याच्या पाहण्याने काहीतरी पुरे होते.

परंतु पाहणे म्हणजे यात्रेची समाप्ती नव्हे. खेळाच्या मूळ नियमानुसार, अन्वेषकाने टिपलेली सारी माहिती त्याने वस्तीत परतून नोंदवीपर्यंत यानातच राहत असे. वाटेत यान फुटले तर सारे व्यर्थ. 2017 साली दोन महिन्यांच्या प्रवासानंतर मी परत येत होतो. एका जड ग्रहावर उतरताना तेथील गुरुत्वाकर्षणाचा आकडा पाहण्याचा मी आळस केला. यान दगडासारखे कोसळले, आणि शेकडो ग्रहांच्या माझ्या नोंदी क्षणात नाहीशा झाल्या. दोष सर्वस्वी माझा होता. त्या रात्री मला झोप लागली नाही. आणि एका खेळातील काल्पनिक नोंदींसाठी प्रौढ माणसाची झोप उडावी, हीच गोष्ट मला या लेखास प्रवृत्त करणारी ठरली. मला स्मरण झाले ते ‘माझा प्रवास’चे. वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 च्या धामधुमीत उत्तरेत सापडले, लुबाडले गेले, द्रव्य मिळवावयास निघालेला हा माणूस द्रव्यावाचून परतला. पण खांद्यावरील गंगेची कावड त्याने कोकणापर्यंत सांभाळून आणली आणि आईवडिलांना त्या जलाने स्नान घातले. त्या ग्रंथाचे काळीज त्या कावडीत आहे. दोन प्रवासांची बरोबरी करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. एकात प्राणांचे भय होते, दुसऱ्यात खुर्चीवरून उठावेही लागत नाही. पण दूर जाण्याला अर्थ येतो तो परत आणावयाच्या वस्तूमुळे, हे सत्य दोहोंत एकच आहे. गंगाजल घरच्या विहिरीच्या पाण्याहून निराळे दिसत नाही. ते किती दुरून आणले, यातच त्याचे पावित्र्य आहे.

आता दोष. ज्याने एखादा ग्रह प्रथम नोंदविला, त्याचे नाव त्या ग्रहावर कायमचे लागते. ही योजना आकर्षक असली तरी ती साक्षीला मालक बनविते. अनेकजण नाव लावण्यासाठीच धावतात आणि पाहत नाहीत. प्रत्येक नोंदीस चलनात किंमत दिल्याने पृथ्वीसदृश ग्रह ‘महाग’ आणि बर्फाळ ग्रह ‘स्वस्त’ ठरतो. सौंदर्याची अशी दरसूची लावणे हे रसदृष्टीला मारक आहे. यांहून मोठा धोका सुलभतेचा. न्यूट्रॉन ताऱ्याच्या झोतातून यान नेले की पुढची उडी चौपट लांब होते. ही युक्ती निदान धोक्याची तरी आहे. पण वर्षागणिक यानांची झेप वाढत गेली, 2020 साली एका उडीत 500 प्रकाशवर्षे जाणारी प्रचंड वाहक जहाजे आली, पुढे नवी इंजिने आली. प्रत्येक सुधारणा खेळाडूंच्या मागणीवरूनच झाली असेल. परंतु प्रत्येक सुधारणेने त्या विश्वाचा थोडा थोडा भाग आखडला. ज्या कृतीचे उपादानच अंतर आहे, तिने अंतर कमी करणे म्हणजे कवीने वाचकाच्या सोयीसाठी वृत्तातील मात्रा गाळण्यासारखे आहे.

याउलट, अंतर वाटून घेतल्याने कमी होत नाही, याचाही दाखला याच खेळात आहे. 2016 साली ‘डिस्टंट वर्ल्ड्‌स’ या नावाने खेळाडूंनी स्वतः योजलेल्या मोहिमेत हजाराहून अधिक जण बीगल पॉइंटकडे निघाले. 2019 मधील दुसऱ्या मोहिमेत त्यांची संख्या दहा हजारांवर गेली. ठरलेल्या मुक्कामी सारे जमत, आणि मग जो तो आपापल्या वाटेने एकटाच पुढे जाई. वारीत दिंडी सोबत असली तरी चालणे प्रत्येकाचे स्वतःचेच असते, हे आपल्याकडे सांगावयास नको.

सारांश, ‘एलिट डेंजरस’मधील दूरयात्रा ही निर्दोष कलाकृती नव्हे. तीत पात्रे नाहीत, कथानक नाही, आणि मानवी सुखदुःखाचा जो पसारा वाङ्मयाला सहज पेलतो, तो तिला पेलत नाही. पण ज्या काळात प्रत्येक गोष्ट हाताशी आली आहे, त्या काळात एखादी गोष्ट दूर असणे म्हणजे काय, हा अनुभव ती प्रामाणिकपणे देते. तो अपघात घडल्यानंतर काही महिन्यांनी मी त्याच वाटेने पुन्हा निघालो. या खेपेस प्रत्येक ग्रहाचा गुरुत्वाकर्षणाचा आकडा आधी वाचला, आणि नोंदी घेऊन सुखरूप परत आलो.