जात दिसली, महाड दिसले नाही

कामणमधल्या एका विद्यार्थ्याच्या संगणकावर मी ‘ड्रॅगन एज : ओरिजिन्स’ खेळलो. कॅनडातील बायोवेअरने हा खेळ २००९ साली काढला. अद्भुतकथा म्हणजे पलायन, हा माझा समज त्याने मोडला. यातील ऑर्झॅमार हे बुटक्यांचे भूमिगत नगर जातींवर उभे आहे. जातिबाह्यांचा चेहरा डागलेला असतो. आपण त्यांच्यातले एक होऊन खेळू शकतो. दुसऱ्याचे चिलखत घालून आखाडा जिंकला, तरी जात उघड होताच वाट्याला तुरुंग येतो. इथे दयेचा सूर नाही. हे या खेळाचे बळ.

उणीव पुढे आहे. सिंहासनाचे दावेदार दोन : जुनी रीत जपणारा सभ्य हॅरोमाँट आणि भावाचा काटा काढणारा, पण जातिबाह्यांना थोडी मोकळीक देणारा भेलेन. निवड खेळाडूची. सभ्यपणाच्या आड विषमता कशी सुखाने नांदते, हे ही कोंडी दाखवते. पण जातिबाह्य स्वतः कुठे आहेत? त्यांच्यापुढे गुन्हेगारी टोळी, नाहीतर एकट्याची सुटका. १९२७ साली महाडला माणसे राजाची कृपा मागायला गेली नव्हती. तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन त्यांनी हक्क बजावला. दुःख दाखवून दुःखिताला कर्ता न करणारी कलाकृती मला अर्धीच वाटते.