‘ब्रिगांतेस्’ या नांवाची व्युत्पत्ति : एक परीक्षण

उत्तर ब्रिटनमधील एका बलाढ्य केल्टिक जमातीस रोमन ग्रंथकारांनीं ‘ब्रिगांतेस्’ असें नांव दिलें आहे. इ. स. ५१ मध्यें तिची राणी कार्टिमांडुआ हिनें आश्रयार्थ आलेला काराटाकस रोमनांच्या स्वाधीन केला, ही टॅसिटसनें दिलेली हकीकत सर्वश्रुत आहे.

या नांवाचा ‘भृगु’ शब्दाशीं संबंध जोडून त्या लोकांस भार्गव ठरविण्याचा मोह संस्कृतज्ञास सहज होईल. परंतु नादसाम्य हें प्रमाण नव्हे. केल्टिक भाषांत मूळचे ग् व घ् हे दोन्ही ‘ग्’ होतात. तेव्हां केवळ ‘ब्रिग्’ एवढ्या अंशावरून निर्णय होत नाहीं. निर्णायक आहे तें ‘अन्त्’ हें अंग. ‘बृहत्’ शब्दाचें ‘बृहन्तः’ हें बहुवचन ‘ब्रिगांतेस्’ शेजारीं ठेवून पाहावें. अवेस्तांतील ‘बेरेझन्त्’ हें रूपही त्याच कुळांतलें. ‘बृहती’ या स्त्रीरूपाशीं तर आयरिश ‘ब्रिगित्’ हें नांव तंतोतंत जुळतें. उलट ‘भृगु’ शब्दांत हें अंग मुळींच नाहीं. शिवाय एका शब्दांत लागोपाठ दोन महाप्राण आले असतां संस्कृतांत पहिला अल्पप्राण होतो, हा ग्रासमननें १८६३ मध्यें मांडलेला नियम आहे. त्यामुळेंच मूळच्या ‘भृघ्’चा ‘बृह्’ झाला. ‘भृगु’मधील भ् टिकला, यावरूनच त्याचें मूळ निराळें ठरतें.

आतां ‘उंच’ म्हणजे डोंगराळ प्रदेशांत राहणारे कीं थोर? पहिल्या अर्थास पेनाइन डोंगरांचा आधार दाखवितां येतो. तथापि वेल्श भाषेंत याच शब्दापासून ‘ब्रेनिन्’ म्हणजे राजा व ‘ब्राइंट’ म्हणजे विशेषाधिकार हे शब्द झाले. आणि उत्तर इंग्लंडमधील रोमनकालीन शिलालेखांत ब्रिगांतिया देवीचें नांव आढळतें. म्हणून आम्हांस ‘थोर’ हाच अर्थ अधिक ग्राह्य वाटतो.

टॉलेमीनें आयर्लंडच्या आग्नेयेसही ब्रिगांतेस् सांगितले आहेत, आणि आल्प्सच्या पायथ्याचें ब्रेगेन्झ हें प्राचीन ब्रिगांतियुम होय. एवढ्यावरून एकाच टोळीचें स्थलांतर सिद्ध होत नाहीं. स्वतःस थोर म्हणविणें कोणत्याही समाजास सुचण्यासारखें आहे. तसेंच ‘बृहत्’ हा ‘ब्रिगांतेस्’चा जनक नव्हे, बंधु होय. खोटें पितृत्व सांगण्यापेक्षां हें खरें बंधुत्व जाणणें इतिहासास अधिक उपकारक आहे.