वेग कोणाच्या जिवावर?

पडद्यावर बोटांनी खेळायच्या शर्यतीवर टीकालेख लिहायचा म्हटला की चारचौघे हसतात. मास्तरांना आता हाच उद्योग राहिला काय, असेही विचारतात. परंतु ज्या कृतीला आरंभ आहे, मध्य आहे, शेवट आहे, आणि शेवटाकडे जाताना ज्यात माणसाला काही निवडावे लागते व काही सोडावे लागते, तिला टीकेचे नियम लागू पडतात असे माझे मत आहे. 'एफ-झिरो' ही तशी कृती आहे. यंदाच्या उन्हाळ्यात भाच्याने आणलेल्या यंत्रावर मी ती तिच्या तीन अवतारांत मनसोक्त खेळलो.

जपानच्या निंटेंडो कंपनीने २१ नोव्हेंबर १९९० रोजी हा खेळ प्रथम बाजारात आणला. कथेचा काळ इसवी सन २५६०. गाड्यांना चाके नाहीत. त्या जमिनीच्या किंचित वर तरंगत धावतात, आणि वेगाचा आकडा ताशी चारशे किलोमीटर सहज ओलांडतो. त्या वेळच्या यंत्राची ताकद बेताची. म्हणून कारागिरांनी युक्ती केली : मार्गाचे एकच सपाट चित्र घ्यायचे आणि तेच यंत्राकडून फिरवायचे, ताणायचे, लहानमोठे करायचे. अंथरलेली सतरंजी कोणी आपल्या पायांखालून सर्रकन ओढावी, तसा भास होतो. शहर खोटे आहे हे डोळ्यांना कळते. पोटात मात्र गोळा येतोच.

या पहिल्या खेळात एक उणीव होती, आणि ती पुढच्या अवतारामुळे ध्यानात येते. एक फेरी पुरी केली की गाडीला एकदा उसळी घेण्याची मुभा मिळे. म्हणजे अधिकचा वेग हे बक्षीस होते. फेरी संपली, घ्या प्रसाद. बक्षिसात नाट्य नसते.

१९९८ साली 'एफ-झिरो एक्स' आला आणि त्याने एकच नियम बदलला. कोपऱ्यात शक्तीची एक पट्टी असते. कठड्याला घासलात, दुसऱ्या गाडीला आदळलात, की ती आखडते. ती सरत आली असता एखादी धडक बसली, तर गाडीचा स्फोट होऊन शर्यत संपते. पट्टी म्हणजे आयुष्यच म्हणा. आता उसळीही याच पट्टीतून खर्चायची असे ठरले. पहिल्या फेरीत ती मिळत नाही. दुसरीपासून बटण दाबा, गाडी बाणासारखी सुटेल. पण जेवढे सुटाल तेवढे आयुष्य कमी. पळायचे बळ आणि जगायचे बळ एकाच मडक्यात भरलेले! शेवटची फेरी आहे, पुढे दोन गाड्या आहेत, पट्टी बोटभर उरली आहे आणि समोर कठडा नसलेले वळण आहे — अशा वेळी खेळणाऱ्याच्या मनात जे चालते, ते उभे करायला कादंबरीकाराला पाच पाने लागतात. इथे अर्धा क्षण पुरतो. मला हेवा वाटला, हे लपवीत नाही.

आमच्या झाडीपट्टीत हा प्रश्न नवा नाही. गोंदिया-भंडाऱ्याकडे शंकरपट भरतात. दिवसा बैलजोड्या धावतात, रात्री नाटक होते. छकड्यावरचा धुरकरी आणि बैल यांचे नाते मी लहानपणापासून पाहिले आहे, आणि त्यात माया असते हे मी शपथेवर सांगेन. तरी वेग बैलाचा, नाव धुरकऱ्याचे. आणि बैल हाकायच्या काठीची, म्हणजे तुतारीची आर टोचली, तर ती बैलाच्याच अंगात. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी या शर्यती थांबवल्या, त्या जनावराच्या छळावर बोट ठेवूनच. १६ डिसेंबर २०२१ रोजी अटी घालून परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा मान्य केला. मधली सात वर्षे पट सुने होते. त्या वर्षांत आमच्या पोरांनी शर्यत पाहिली ती मोबाइलवर, आणि बहुतेक ती मोटारींची. तसल्या खेळांत गाडी आपटली तर लागलीच नवी उभी राहते. वेगाची किंमत कोणीच देत नाही. 'एफ-झिरो एक्स'मध्ये ज्याला वेग हवा तोच देतो. माझ्या मते या खेळाचे मोठेपण एवढ्या एका गोष्टीत आहे.

बाकी डामडौल त्याच्यापाशी नाही. एकाच वेळी तीस गाड्या धावायच्या आणि पडद्यावर सेकंदाला साठ चित्रे सरकायची, म्हणून कारागिरांनी गाड्यांचे नक्षीकाम निर्दयपणे छाटले. गाड्या लाकडी खेळण्यांसारख्या दिसतात. मार्ग मात्र नळीतून जातो, नळीच्या बाहेरूनही जातो, उलटा होतो, आणि गती एकदाही अडखळत नाही. २००३ साली सेगा कंपनीच्या मंडळींनी 'जीएक्स' केला. तो देखणा आहे असे भाचा म्हणतो, मी खेळलेलो नाही. गिटारचे संगीत मला कर्कश वाटले, परंतु तो वयाचा दोष असेल.

तिसरा अवतार १४ सप्टेंबर २०२३चा, 'एफ-झिरो ९९'. जगभरचे नव्याण्णव लोक एकाच मार्गावर सुटतात. गर्दीची मौज खरी. तुळशीबागेतली नव्हे, आमच्या दिवाळीनंतरच्या मंडईतली गर्दी. धक्का कोणाचा लागला ते कळतच नाही. मागे पडलेल्यालाही पडलेल्या ठिणग्या वेचून थोडा वेळ वरच्या आकाशमार्गाने धावता येते, ही सोय मायाळू आहे. पण दुसऱ्याची गाडी फोडली की आपली पट्टी लांबते, असाही नियम इथे आहे. मूळच्या रचनेला हा तडा आहे असे मी मानतो. स्वतःचे आयुष्य खर्चून पळायचे होते. आता शेजाऱ्याचेही चालते. भाच्याला हे पटत नाही. गर्दीत असे चालायचेच, असे त्याचे म्हणणे.

ज्यांच्या घरी असे यंत्र असेल, त्यांनी सुट्टीत १९९८चा खेळ आधी लावावा. शर्यतीपूर्वी गाडी चटकन वेग घेणारी हवी की शेवटी जास्त धावणारी, हे विचारणारी एक सरकपट्टी येते. नवख्याने ती पहिल्या बाजूला ओढावी. मार्गाच्या कडेला शक्ती भरून देणारा पट्टा असतो, तो कुठे आहे हे पहिल्याच फेरीत पाहून ठेवावे. आणि पोरांच्या हातून यंत्र मिळत नसेल, तर ती मंडईला गेल्यावर लावावे.