तालमीत मोबाइल, रंगमंचावर नको

स्नेहसंमेलनातील नाटिकेचे संवाद आधी ध्वनिमुद्रित करायचे आणि मुलांनी रंगमंचावर नुसते ओठ हलवायचे, ही रीत अनेक शाळांत रुळली आहे. मोबाइलने ती आणखी सोपी केली. आम्हाला ती मुळीच पसंत नाही. सोबतचा वाक्य विसरला तर सावरून घेणे, प्रेक्षक हसले की थांबणे, हे सारे तिथे संपते.

तालमीत मात्र हेच यंत्र कामाचे आहे. मुलाला त्याचा मुद्रित संवाद ऐकवा. 'हा माझा आवाज नाहीच!' असे तो म्हणेल. बोलताना स्वतःचा आवाज हवेतून येतो तसा कवटीच्या हाडांतूनही कानात पोचतो. हाडांतून कमी कंप्रतेचे स्वर अधिक येतात, म्हणून तो भरदार वाटतो. मुद्रणात उतरतो तो फक्त हवेतला. हे आधी न सांगितल्यास लाजरे मूल दुसऱ्या दिवशी तालमीला यायचेच नाही. सांगितले, तर शब्दांचे शेवट आपण कुठे गिळतो हे ते स्वतःच हुडकते.

आवाज मागपर्यंत पोचतो का, हे मात्र मोबाइलला विचारू नये. पुष्कळ मोबाइल हळू आवाज आपोआप वाढवून घेतात. त्यासाठी शेवटच्या बाकावर एखादा विद्यार्थीच बसवावा.